यादी उतरवून घ्यायची की मूळ नोंदीला जोडायची?

परतूर तालुक्यातल्या एखाद्या जुन्या खरेदीखतावर ‘तालुका परतूर, जिल्हा परभणी’ असे लिहिलेले दिसले, तर ती लेखनिकाची चूक समजू नका. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, तेव्हा परतूर परभणीतून निघून जालन्यात आले. गावे जागेवर राहिली, बांध जागेवर राहिले, दप्तरे मात्र एका जिल्ह्याच्या कारभारातून दुसऱ्याच्या कारभारात गेली.

आज दप्तरांची जागा तक्त्यांनी घेतली आहे. एकच शेतकरी किती तक्त्यांत आहे, ते मोजून पाहा. सातबारा आणि आठ-अ महसूल विभागाकडे. पेरा ई-पीक पाहणीत. कर्ज सोसायटीच्या आणि बँकेच्या वहीत. विमा कंपनीकडे वेगळी नोंद, पीएम-किसान आणि नमो शेतकरी योजनेची वेगळी, ठिबक किंवा अवजारांसाठी महाडीबीटीवर केलेल्या अर्जाची वेगळी. रेशन कार्ड आहेच. माणूस एक, शेत एक, तक्ते सात-आठ.

हे तक्ते एकमेकांकडून माहिती कशी घेतात? उतरवून घेतात, की मूळ नोंदीला जोडलेले असतात? प्रश्न संगणकवाल्यांचा वाटतो. पण दोन हजारांचा हप्ता अडकतो, अनुदान भलत्याच खात्यात जाते, विमा नाकारला जातो, तेव्हा बऱ्याचदा उत्तर याच प्रश्नात असते.

माझे मत आधीच सांगतो. आज कोण पात्र आहे, हे मूळ नोंदीकडे बघून ठरावे, म्हणजे तिथे जोडणी हवी. आणि ज्या दिवशी निर्णय झाला, त्या दिवसाची नक्कल तारखेसह गोठवून ठेवावी. आपल्याकडे अनेक ठिकाणी नेमके उलटे चालते.

इम्पोर्ट आणि लिंक म्हणजे काय?

मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस हा जुना प्रोग्रॅम अनेक कचेऱ्यांनी वापरला. त्यात दुसऱ्या डेटाबेसमधला तक्ता आणायचा असेल तर तो दोन पर्याय देतो. पहिला इम्पोर्ट. त्यात तक्त्याची नक्कल तुमच्या फाइलमध्ये येते. त्या क्षणापासून मूळ तक्त्याचा आणि तुमच्या नकलेचा संबंध संपतो. तिकडे बदल झाला तर इकडे कळत नाही. दुसरा पर्याय लिंक. यात माहिती मूळ फाइलमध्येच राहते, तुमच्याकडे फक्त तिच्याकडे बघण्याची खिडकी येते. तिकडे नाव बदलले की खिडकीतूनही बदललेलेच दिसते. लिंक पुसली तर खिडकी जाते, मूळ माहिती शाबूत राहते. पण मूळ फाइल कुणी दुसऱ्या जागी हलवली की खिडकीतून काहीच दिसत नाही.

सातबाऱ्याची झेरॉक्स काढून फाइलला लावणे हा इम्पोर्ट. तलाठ्याकडे जाऊन दप्तरातले पानच उघडून बघणे ही लिंक. इतके लक्षात राहिले तरी पुढचे सगळे कळेल.

(नावावर मात्र जाऊ नका. गूगल शीट्समध्ये ‘इम्पोर्टरेंज’ नावाचे सूत्र आहे. नाव इम्पोर्ट, काम लिंकचे. मूळ तक्ता बदलला की इथलाही बदलतो. बचत गटाचा किंवा सोसायटीचा हिशेब गूगल शीटवर ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.)

नक्कल कुठे फसते?

समजा, वाटूर भागातले एक शेतकरी फेब्रुवारीत वारले. मुलाने वारस नोंदीसाठी अर्ज दिला. तलाठ्याने, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याने, फेरफार घेतला. हरकतीचे पंधरा दिवस गेले, मंडळ अधिकाऱ्याने नोंद मंजूर केली. सातबाऱ्यावर मुलाचे नाव आले. महसूल विभागाच्या दृष्टीने काम पूर्ण झाले.

पण सोसायटीच्या यादीत वडीलच आहेत. विम्याच्या जुन्या यादीत वडीलच. अनुदानाची यादी मागच्या वर्षीच्या तक्त्यावरून बनवली असेल तर तिथेही वडीलच. मग मुलाने त्याच मृत्यू दाखल्याच्या आणि त्याच फेरफाराच्या प्रती घेऊन दर टेबलावर जायचे. एका टेबलाने दुरुस्ती केली तरी पुढच्या टेबलाला ती कळत नाही. प्रत्येक नक्कल बनल्या दिवसापासून जुनी होऊ लागते, आणि तिचे वय तिच्यावर लिहिलेले नसते. परतूरला एक खेप म्हणजे गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी. चार टेबलांसाठी चार खेपा झाल्या तर हप्त्यातला बराच भाग हप्ता मिळवण्यातच जातो.

ही झाली जुनेपणाची गोष्ट. उतरवून घेतानाच माहिती बिघडते, ते आणखी वेगळे. गट क्रमांक १२/३ एक्सेलच्या साध्या रकान्यात टाकून पाहा. प्रोग्रॅम त्याला तारीख समजतो, आणि संगणकाच्या मांडणीप्रमाणे त्याचा १२ मार्च किंवा ३ डिसेंबर करून टाकतो. शेताची तारीख झाली! बँक खाते शून्याने सुरू होत असेल तर ते शून्य गळते. खाते सोळा अंकी असेल तर शेवटचा अंक शून्य होतो, कारण एक्सेल आकड्यातले पंधराच अंक नेमके सांभाळतो. बारा अंकी आधार क्रमांक अरुंद रकान्यात भलत्याच रूपात दिसतो आणि तसाच छापला जातो. त्यात जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली यादी युनिकोडवाल्या संगणकावर उघडली की सगळ्या नावांची रोमन अक्षरांत खिचडी होते. ती पुन्हा हाताने टाइप होते, आणि ‘ज्ञानोबा’चा ‘ग्यानोबा’ होतो. पुढे आधारवरचे नाव जुळत नाही म्हणून अर्ज परत येतो.

याला खेड्यातल्या ऑपरेटरचे अडाणीपण म्हणू नये. ज्या जनुकांच्या संक्षिप्त नावांची एक्सेल मार्च आणि सप्टेंबरमधल्या तारखा करत असे, त्यांची नावेच शास्त्रज्ञांनी शेवटी बदलली. २०२० मध्ये नामकरण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने तसे नियमच काढले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यातले १५,८४१ कोरोनाबाधित सरकारी मोजणीतून गळाले. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये उतरवली जात होती. त्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. त्यापुढच्या ओळी निमूट गळून पडल्या, आणि त्या माणसांच्या संपर्कात आलेल्यांना वेळेत सावध करता आले नाही.

आपल्याकडे २०१७ ची कर्जमाफी आठवा. २८ जून २०१७ च्या शासन निर्णयाने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली. शेतकऱ्यांनी ऑनलाइन अर्ज भरले. बँकांनी एक ते सहासष्ट रकान्यांचे तक्ते भरून पाठवले. मग दोन्हीकडची नावे, आधार क्रमांक आणि खाती जुळवताना जो घोळ झाला, त्याने याद्या महिनोन्‌महिने रखडल्या. पैशाची तरतूद होती, इच्छाही होती. अडले ते दोन नकलांच्या जुळवणीत.

अंगठा माणसाचा, शेत कुणाचे?

जालना जिल्ह्याला हा विषय नुकताच चांगला झोंबला आहे. शेजारच्या अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत २०२२ ते २०२४ या काळातल्या अतिवृष्टी अनुदानाच्या वाटपात गैरव्यवहार झाल्याचे चौकशीत पुढे आले. शेती नसलेल्यांची नावे, दुबार नावे, वाढवलेले क्षेत्र असे प्रकार सांगितले गेले. तलाठ्यांची निलंबने झाली, २०२५ मध्ये गुन्हा दाखल झाला. कोण दोषी, हे न्यायालय ठरवील. मला इथे यादी कशी बनते, एवढेच पाहायचे आहे.

पंचनाम्यावरून गावनिहाय तक्ता भरायचा: नाव, गट, बाधित क्षेत्र, आधार, खाते. तो सरकारी लॉगिनमधून पोर्टलवर चढवायचा. मग प्रत्येक नावाला विशिष्ट क्रमांक मिळायचा. गावात त्याला ‘व्हीके नंबर’ म्हणतात. शेतकऱ्याने तो नंबर घेऊन सेवा केंद्रात अंगठा लावायचा आणि पैसे खात्यात यायचे. यात तपासणीचा टप्पा आहे असे वाटते, कारण अंगठा आहे. पण अंगठा काय सिद्ध करतो? हा माणूस तोच आहे, एवढेच. या गटात त्याची जमीन आहे का, असली तर किती, याचे उत्तर अंगठ्यात नाही. ते सातबाऱ्यात आहे. आणि हाताने भरलेला तक्ता चढवताना त्यातली प्रत्येक ओळ सातबाऱ्याला विचारल्याशिवाय पुढे जात असेल, तर भूमिहीन माणसाचे नाव पहिल्याच पायरीवर अडते. गट नाही, खातेदार नाही, ओळ नामंजूर. जमीन एक हेक्टर आणि बाधित क्षेत्र तीन हेक्टर, ओळ नामंजूर. एक रुपयातल्या पीक विम्यात सरकारी जमिनींवरही विमा उतरवल्याची प्रकरणे निघाली, तिथेही दुखणे हेच होते. अर्जात लिहिलेला गट आणि दप्तरातला गट यांची वेळेवर गाठ पडली नाही.

भ्रष्टाचार लिंकने संपतो असे मी म्हणत नाही. पंचनाम्यात पाण्याखाली न गेलेले शेत पाण्याखाली दाखवायचे असेल तर कुठलाही तक्ता त्याला अडवू शकत नाही. पण हवेतला शेतकरी उभा करणे मात्र अवघड होते.

मग सगळेच जोडून टाकावे का?

नाही. आणि इथे जोडणीचे भाट जे सांगत नाहीत, ते सांगितले पाहिजे.

मूळ नोंद चुकीची असेल तर जोडणी ती चूक दहा ठिकाणी पोचवते. राज्य सरकारला १ एप्रिल २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवावी लागली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी. म्हणजे मूळ दप्तरातच माणसे मरून वर्षे उलटली तरी नावावर जमीन होती. अशा सातबाऱ्याला बाकीचे तक्ते जोडले तर सगळ्या योजना मृतांच्या नावे बिनचूक चालतील. हस्तलिखित काळात सातबारा साधारण दहा वर्षांनी नव्याने लिहिला जाई. त्या पुनर्लेखनात सुटलेल्या नावांसाठी आणि चुकलेल्या क्षेत्रासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली आजही अर्ज होतात. ती नकलेची चूक होती. पुढे ती संगणकात आली आणि तिलाच ‘मूळ नोंद’ म्हणू लागले.

दुसरे, सर्व्हर. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य सेवा केंद्रात ऐकले नाही असा माणूस परतूरात सापडणे कठीण. सगळे काही एका खिडकीतून बघायचे ठरवले आणि खिडकीच उघडली नाही, तर काय करायचे, याचा नियम आधी हवा. माझ्या मते तो साधा आहे: जोडणी बंद असेल तर अर्ज थांबवायचा नाही, कालपर्यंतच्या नकलेवर स्वीकारायचा, नंतर पडताळायचा, आणि मुदत संपल्याचा तोटा शेतकऱ्याच्या माथी मारायचा नाही.

तिसरे, खासगीपणा. यात नकलेची बाजू लंगडी आहे, जोडणीची नव्हे, हे अनेकांना उलटे वाटते. नाव, आधार, खाते असलेली एक्सेल फाइल एकदा बनली की ती पेनड्राइव्हवर जाते, ईमेलवर जाते, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही येते. कुणी पाहिली, याचा पत्ता लागत नाही. जोडणीत विचारणाऱ्याला हवे तेवढेच उत्तर देता येते: या गटात या माणसाचे नाव आहे, क्षेत्र इतके. आणि कुणी कधी विचारले, याची नोंद राहते. एस्टोनियासारखा छोटा देश २००१ पासून ‘एक्स-रोड’ नावाच्या व्यवस्थेवर असाच कारभार चालवतो. सगळी माहिती एका कोठारात ओतायची नाही, जिची तिच्याकडे ठेवायची आणि लागेल तेव्हा विचारायची. आपले डिजिलॉकरही फार वेगळे नाही. विद्यापीठाने किंवा परिवहन विभागाने दिलेल्या कागदाचा दुवा तिथे असतो, कागद देणाऱ्याकडेच राहतो.

जोडणी हवीच असेल तर आपल्याकडे तिचा एक चांगला नमुना आहे. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदले की त्याची सूचना ई-फेरफार प्रणालीत ऑनलाइन पोचते. पूर्वी तो कागद टपालाने किंवा खरेदीदाराच्या पिशवीतून तलाठ्याकडे जायचा, आणि पिशवी घरीच राहिली तर जमीन वर्षानुवर्षे जुन्याच मालकाच्या नावावर दिसायची.

तारीख गोठवावी लागते ती कुठे?

काही गोष्टींना कालचेच उत्तर लागते, आजचे चालत नाही. सप्टेंबरमध्ये पाऊस पडला तेव्हा शेत कुणाचे होते? डिसेंबरमध्ये ते विकले गेले असेल तर जोडणी नव्या मालकाचे नाव दाखवील. नुकसान जुन्याचे झाले. पीएम-किसानमध्ये जमीनधारणेसाठी १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख धरली आहे. नुसता आजचा सातबारा पाहून त्या तारखेला काय होते, हे सांगता येत नाही. पंचनामा, मंजूर यादी, मतदार यादी, निकाल: हे सगळे त्या दिवसाचे कागद आहेत. त्यांची नक्कलच हवी, आणि ती नंतर कुणाला बदलता येऊ नये.

गंमत अशी की आपल्या महसूल दप्तराला हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. गाव नमुना सात आजची स्थिती सांगतो. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, ती स्थिती कोणकोणत्या बदलांतून आली ते सांगतो. एक आजचे चित्र, दुसरी त्याची रोजनिशी. दोन्ही वेगळ्या वह्यांत, पण एकमेकींना क्रमांकाने बांधलेल्या. मराठवाड्यात तर जमिनीचा वाद मागे मागे गेला की १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक मागवतात. ती एक गोठवलेली नक्कल आहे, आणि गोठवलेली आहे म्हणूनच तिला किंमत आहे. नवे पोर्टल बनवणाऱ्यांनी परदेशी पुस्तके वाचण्याआधी तालुक्याच्या अभिलेख कक्षात एक दिवस बसावे.

ॲग्रिस्टॅकने काय बदलेल?

केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२४ रोजी २,८१७ कोटी रुपयांचे डिजिटल कृषी अभियान मंजूर केले. त्यातल्या ॲग्रिस्टॅकमध्ये तीन नोंदवह्या आहेत: शेतकऱ्यांची, गावनकाशांची आणि पेरलेल्या पिकांची. शेतकरी ओळख क्रमांक हा आधार आणि जमिनीच्या नोंदीला जोडलेला असावा, जमीन बदलली की नोंद आपोआप बदलावी, असा उद्देश सांगितला जातो. महाराष्ट्रात एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी हा क्रमांक बंधनकारक झाला. त्याच वर्षी मराठवाड्यात सप्टेंबरच्या पावसाने हाहाकार केला, ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर झाले, आणि ज्यांची ॲग्रिस्टॅकमध्ये नोंद आहे त्यांना ई-केवायसीतून सूट देण्यात आली. सेवा केंद्रापुढची एक रांग तरी कमी झाली. हे चांगलेच झाले.

पण कसोटी पुढे आहे. क्रमांक काढताना सातबाऱ्यावरून माहिती घेतली. त्यानंतर वाटणी झाली, एक गट विकला, वडील वारले, तर ते बदल किती दिवसांत तिथे पोचतात? आपोआप पोचले तर ती जोडणी. शेतकऱ्याला पुन्हा सेवा केंद्रात जाऊन ‘नवा गट जोडा’ म्हणावे लागले, तर ती नक्कलच, नाव काहीही द्या. सरकारने हा आकडा, फेरफार मंजूर झाल्यापासून शेतकरी नोंदवहीत बदल दिसेपर्यंतचे दिवस, तालुकानिहाय जाहीर करावा. पोर्टलच्या जाहिरातीपेक्षा तो एक आकडा जास्त सांगून जाईल.

आणखी एक मागणी अगदी स्वस्त आहे. तलाठी सज्जावर किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर जी यादी लागते, तिच्या डोक्यावर दोन ओळी छापाव्यात: ही यादी कोणत्या नोंदीवरून घेतली, आणि कोणत्या तारखेला. त्या तारखेनंतर तुमचा फेरफार झाला असेल तर नाव का नाही, ते लगेच कळेल. फेरफार आधीचा असून नाव नसेल, तर चूक यादी करणाऱ्याची, आणि मृत्यू दाखल्याची पाचवी प्रत तुमच्याकडे मागण्याचा त्यांना अधिकार उरत नाही.

तोवर स्वतः करता येण्यासारखे थोडके आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो. तो काढून त्यावरचे नाव, क्षेत्र आणि शेवटचा फेरफार क्रमांक शेतकरी ओळख क्रमांकाच्या तपशिलाशी जुळवून पाहा. खाते क्रमांक यादीत दिसत असेल तर पासबुकाशी अंकन्‌अंक ताडून घ्या, सुरुवातीच्या शून्यासकट. आणि यादीवर तारीख नसेल तर ती विचारणारा अर्ज साध्या कागदावर लिहून तहसीलच्या आवक-जावक टेबलावर द्या. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.